अनुकृतीची प्रतिष्ठा : गृहसजावटीच्या आलिशान दालनांची सौंदर्यसमीक्षा
(वाळूज–छत्रपती संभाजीनगर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मराठी समीक्षेने कविता, कथा, कादंबरी, नाटक आणि काही प्रमाणात चित्र-शिल्प यांचा सातत्याने विचार केला आहे. ज्या वस्तूंच्या सहवासात माणूस रोज उठतो-बसतो, जेवतो, झोपतो, त्या वस्तूंच्या सौंदर्याचा विचार मात्र तिने बहुतांशी जाहिरातदारांवर आणि विक्रेत्यांवर सोपवून दिलेला दिसतो. घर कसे असावे याविषयीची सामान्य माणसाची कल्पना एके काळी शेजाऱ्यांच्या आणि नातेवाइकांच्या घरांवरून घडत असे. पुढे ती चित्रपटांवरून, नियतकालिकांतील जाहिरातींवरून आणि दूरचित्रवाणीवरील मालिकांवरून घडू लागली. गेल्या दोन-तीन दशकांत या कामासाठी एक स्वतंत्र जागाच निर्माण झाली आहे. ती म्हणजे गृहसजावटीचे आलिशान दालन; बोलीत ज्याला सर्रास ‘शोरूम’ म्हटले जाते.

छत्रपती संभाजीनगर शहरात अशी दालने प्रामुख्याने जालना रस्ता आणि त्याला लागून विस्तारलेल्या नव्या व्यापारी वस्तीत आढळतात. गुलमंडी, सराफा, पैठण गेट या जुन्या पेठांपासून सिडकोच्या कॅनॉट प्लेसपर्यंत आणि २०१० साली चिकलठाणा भागात उघडलेल्या प्रोझोन मॉलपर्यंत शहराचा बाजार पूर्वेकडे सरकत गेला. त्याच २०१० साली शहरातील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज मोटारींची खरेदी केल्याची वार्ता देशभर गाजली. शहराने स्वतःची ओळख ‘आलिशान’ या शब्दाने करून घेण्याचा तो काळ होता. ही दालने याच मनोवृत्तीची अपत्ये आहेत.

शहराच्या पश्चिमेला, अहिल्यानगरकडे जाणाऱ्या मार्गावर, गंगापूर तालुक्यात वाळूज वसलेले आहे. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना येथे सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुट्या भागांचे लहानमोठे उद्योग उभे राहिले. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी, पंढरपूर या वस्त्या कामगारांनी भरल्या. भाड्याच्या एका खोलीपासून ‘रो-हाउस’पर्यंतचा प्रवास येथील अनेक कुटुंबांनी एका पिढीत केला आहे. प्लायवूड, हार्डवेअर, फर्निचर यांची दुकाने या वस्त्यांतही आहेत. परंतु घर बांधून झाले, मुलाचे लग्न ठरले किंवा हातात थोडा पैसा आला, की कुटुंब रविवारी शहरातल्या दालनात जाते. अनेकदा ते खरेदीसाठी जात नाही, केवळ ‘बघायला’ जाते. या बघण्याचा अर्थ काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

येथे कोणत्याही एका दालनाचे परीक्षण अभिप्रेत नाही. या प्रकारच्या दालनांत समान आढळणारी मांडणी ही एक संहिता आहे असे मानून तिचे वाचन करण्याचा हा प्रयत्न आहे.

दालनाची मांडणी

दालनात पाऊल ठेवताच पहिल्यांदा उजेड बदलतो. बाहेर मराठवाड्याचे पांढरेशुभ्र ऊन असते. आत पिवळसर, ठिकठिकाणी नेमका पाडलेला प्रकाश. खिडकी बहुधा नसते, आणि असली तरी ती पडद्याच्या प्रदर्शनासाठी असते. प्रवेशाशी नोंदवही किंवा संगणक घेऊन बसलेली व्यक्ती नाव, भ्रमणध्वनी क्रमांक, घराचे क्षेत्रफळ आणि ‘बजेट’ विचारते. किती खर्च करणार, हे ग्राहकाने आधी सांगायचे; वस्तूची किंमत मात्र वस्तूवर लिहिलेली नसते. जुन्या पेठेतल्या दुकानातही किंमत लिहिलेली नसे, पण तेथे घासाघीस हा दोन्ही पक्षांना ठाऊक असलेला व्यवहार होता. येथे किंमत विचारणे हेच न परवडण्याचे लक्षण मानले जाईल, अशी धास्ती ग्राहकाच्या मनात आपोआप उभी राहते.

पुढे एकामागून एक खोल्या लागतात. त्यांना तीन भिंती असतात, चौथी नसते. नाट्यगृहातील नेपथ्याशी असलेले हे साम्य वरवरचे नाही. रंगमंचावरील दिवाणखान्यात पात्रे येतात, भांडतात, रडतात, आणि त्यामुळे ते नेपथ्य क्षणभर घर होते. दालनातल्या दिवाणखान्यात पात्रे नाहीत. ती जागा प्रेक्षकासाठी रिकामी ठेवलेली आहे. पुस्तकांच्या फळीवर पुस्तकांच्या आकाराची पोकळ खोकी असतात, फळांच्या परडीत प्लॅस्टिकची सफरचंदे असतात, शेगडीला गॅसची नळी नसते, न्हाणीघरातल्या चकचकीत नळाला पाणी नसते. देवघरही असते. यंत्राने कातलेल्या पांढऱ्या पत्र्यामागे दिवा लावून उजळवलेला ॐ त्यात असतो. उदबत्तीची राख पडायला जागा नसते.

बा. सी. मर्ढेकर यांनी सौंदर्यविचार मांडताना संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे सांगितली होती. त्यांच्या प्रकाशात पाहिले असता दालनातील खोलीचे वैगुण्य चटकन ध्यानात येते. येथे संवाद परिपूर्ण आहे. पडद्याचा रंग गालिच्याशी जुळतो, गालिच्याचा उशीशी, उशीचा भिंतीवरील चित्राशी. विरोध मात्र कटाक्षाने टाळलेला आहे. आजीची पत्र्याची पेटी, शिलाई यंत्र, मुलाने शाळेत मिळवलेला करंडक, दाराआडची छत्री, भिंतीवरचे महालक्ष्मीचे कॅलेंडर यांपैकी काहीही येथे येऊ शकत नाही. राहत्या घरात अशा विसंवादी वस्तू असतातच, आणि त्यांना सामावून घेण्यातच गृहसजावटीचे खरे कौशल्य असते. विरोधाला वगळून साधलेला समतोल ही सौंदर्याची सोपी वाट होय.

अनुकृतीविषयी दोन कठोर भूमिका

या दालनांविषयी सर्वाधिक घेतला जाणारा आक्षेप असा, की येथे सारे ‘खोटे’ आहे. ‘सागवान’ म्हणून दिसते ते सागवानाचे छायाचित्र असते, ‘इटालियन संगमरवर’ म्हणून पायाखाली येते ती शिरांची छपाई केलेली भाजलेली फरशी असते. नीट पाहिले तर काही फरशांनंतर तीच शीर, त्याच वळणाने, पुन्हा भेटते.

या आक्षेपाला युरोपीय कलाविचारात मोठी परंपरा आहे. जॉन रस्किन यांनी १८४९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात एका द्रव्यावर दुसऱ्या द्रव्याचा आभास रंगवणे ही वास्तुकलेतील फसवणूक मानली. ॲडॉल्फ लूस या व्हिएन्नातील वास्तुविशारदाने १८९८ साली आवरणाच्या तत्त्वाविषयी लिहिताना याहून नेमका नियम सांगितला. आवरण आणि आवृत वस्तू यांची गल्लत होता कामा नये. लाकडाला कोणताही रंग द्यावा, फक्त लाकडाचा रंग देऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. हा नियम दालनाला लावला, तर दालनातील जवळजवळ प्रत्येक वस्तू दोषी ठरते आणि समीक्षकाचे काम पाच मिनिटांत संपते.

तथापि हा नियम या शहरात जसाच्या तसा वापरता येईल काय, असा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. कारण ज्या दोन गोष्टींसाठी हे शहर जगाला ठाऊक आहे, त्या दोन्ही अनुकृती आहेत.

शहराची साक्ष : मकबरा आणि हिमरू

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेला बीबी का मकबरा दिलरास बानू बेगम हिच्या स्मरणार्थ बांधला गेला. ताजमहालाशी असलेल्या साम्यामुळे तो कायम तुलनेत सापडला आणि ‘गरिबांचा ताज’ असे उणे विशेषण त्याला चिकटले. बांधणीच्या दृष्टीने पाहिले तर त्याची कथा मोठी उद्बोधक आहे. मुख्य वास्तूला खालच्या पट्टीपर्यंत संगमरवर आहे. त्याच्या वर घुमटाच्या पायथ्यापर्यंत दख्खनचा काळा पाषाण आहे आणि घुमट पुन्हा संगमरवरी आहे. मधल्या पाषाणावर चुन्याचा अतिशय मुलायम गिलावा देऊन, तो घोटून, त्यावर नक्षी काढली आहे. संगमरवर जेथे संपतो तेथे गिलावा सुरू होतो आणि लांबून पाहणाऱ्याला दोन्ही एक भासतात. लूसच्या नियमानुसार हा अपराध आहे. परंतु जवळ जाऊन तो गिलावा पाहणाऱ्यास फसवले गेल्याची भावना होत नाही. उलट चुन्यासारख्या साध्या द्रव्याकडून एवढे काम करून घेणाऱ्या हातांविषयी आदर वाटतो. या वास्तूच्या प्रवेशद्वारावरील लेखात वास्तुविशारद अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय या दोघांची नावे कोरलेली आहेत, हीही या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे.

दुसरे उदाहरण हिमरूचे. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा आलेल्या विणकरांशी या कलेचा संबंध जोडला जातो. किनखाब हे सोन्यारुप्याच्या तारांचे राजवस्त्र होते. ते सर्वांना परवडणे शक्य नव्हते. सूत आणि रेशीम एकत्र विणून किनखाबाचा थाट साधणारे वस्त्र म्हणजे हिमरू. ‘हिमरू’ हा शब्द ‘सारखे’, ‘समान’ अशा अर्थाच्या ‘हम-रूह’ या फारसी शब्दापासून आल्याचे सांगितले जाते. म्हणजे या वस्त्राच्या नावातच ‘मी दुसऱ्यासारखे आहे’ ही कबुली आहे. अनुकृतीने आपली अनुकृती लपवली नाही. तिचेच नाव करून मिरवले. काळाच्या ओघात वेली, बदाम, पुढे अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी असे स्वतःचे भांडार तिने उभे केले आणि ती स्वतःच अस्सल झाली.

या दोन साक्षी लक्षात घेता ‘अनुकृती म्हणजे खोटेपणा’ हे समीकरण टिकत नाही. वैभवाची नक्कल करणे हा या शहराचा जुना आणि सन्मान्य उद्योग आहे. म्हणून दालनांची समीक्षा ‘हे नकली आहे’ या वाक्यावर थांबवता येणार नाही. मकबऱ्याचा गिलावा आणि दालनातील ‘संगमरवरी’ फरशी यांत नेमका कोणता भेद आहे, हे सांगावे लागेल. प्रस्तुत लेखकाच्या मते हा भेद तीन कसोट्यांवर स्पष्ट होतो : नाव, हात आणि काळ.

पहिली कसोटी : नाव

दालनातील ज्या द्रव्याने सर्वाधिक पृष्ठभाग व्यापलेला असतो, त्याची जन्मकथा रंजक आहे. रेझिनमध्ये भिजवलेले कागदाचे थर, त्यांवर छापील नक्षीचा कागद, त्यावर पारदर्शक आवरण, हे सारे उष्णता आणि प्रचंड दाब यांखाली एकजीव केले की लॅमिनेटचा पत्रा तयार होतो. अमेरिकेत १९१३ साली या पद्धतीने विजेच्या उपकरणांसाठी रोधक द्रव्य तयार करण्यात आले. त्यासाठी पूर्वी अभ्रक वापरले जाई; म्हणून ‘अभ्रकाऐवजी’ अशा अर्थाचे ‘फॉर्मायका’ हे नाव देण्यात आले. हिमरूप्रमाणेच हेही नाव प्रामाणिक होते. आपल्याकडे याच धाटणीचे ‘सनमायका’ हे व्यापारी नाव इतके रुळले, की ते त्या द्रव्याचे सामान्यनाम झाले. सुतार, गिऱ्हाईक, दुकानदार सारेच ‘सनमायका मारणे’ असे म्हणू लागले. ‘मारणे’ या क्रियापदात ते वरून चिकटवलेले आहे, याची उघड कबुली आहे. कोणालाही त्यात फसवणूक वाटली नाही.

आलिशान दालनात हा शब्द ऐकू येत नाही. तेथे ‘वॉलनट’, ‘ओक’, ‘अकेशिया’ अशी नावे कॅटलॉगमध्ये असतात आणि त्यांच्यापुढे ‘फिनिश’ हा शब्द जोडलेला असतो. ‘फिनिश’ या एका शब्दात द्रव्य, कृती आणि आभास तिन्ही विरघळून जातात. अक्रोड आणि ओक हे वृक्ष मराठवाड्यातील बहुसंख्य माणसांनी पाहिलेले नाहीत. अकेशियाचे तर त्याहून गमतीचे आहे. आपली बाभूळ याच कुळात गणली जात आली. ज्या बाभळीचा नांगर आणि गाडीची चाके शेतकऱ्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होती, तिचीच नातलग परदेशी नाव धारण करून, कागदावर छापली जाऊन, त्याच्या नातवाला विकली जाते आणि तिला कोणी ओळखत नाही. अनुकृती येथे दोषी ठरते ती नक्कल केल्याबद्दल नव्हे, तर स्वतःचे साधे नाव टाकून दिल्याबद्दल.

दुसरी कसोटी : हात

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ या ग्रंथात प्रदर्शनीय उपभोगाची मीमांसा केली. हाताने घडवलेला चांदीचा चमचा आणि यंत्राने केलेला साध्या धातूचा चमचा यांची तुलना करून त्याने असे दाखवले, की पहिल्याच्या सौंदर्याची आपल्याला होणारी प्रतीती बऱ्याच अंशी त्याच्या महागपणाची प्रतीती असते. हा विचार दालनाला लागू पडतो, पण उलट्या बाजूने. येथे यंत्राने केलेल्या वस्तूलाच महागपणाचे वलय दिले जाते आणि हाताचे काम दडवले जाते.

हे दडवणे पूर्णतः यशस्वी होते असे नाही, कारण हात संपलेले नाहीत. दालनात निवडलेले कपाट ग्राहकाच्या घरी पोहोचते, तेव्हा भिंत ओळंब्यात नसते, कोपरा काटकोनात नसतो, फरशीला उतार असतो. त्या वाकड्या घरात ते सरळ कपाट बसवणारा माणूस सुतारच असतो. तो मोजमाप घेतो, फट भरतो, कड घासतो, दरवाजाची बिजागरी पुन्हा पुन्हा जुळवतो. दालनातील वस्तूला घरातील वस्तू करण्याचे निर्णायक काम त्याचे असते. पण दालनाच्या वर्णनात त्याचा उल्लेख ‘इन्स्टॉलेशन’ या एका शब्दाने होतो. मकबऱ्याच्या दारावर अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावे आहेत. दालनातील कपाटावर फक्त व्यापारचिन्ह असते.

वाळूजहून येणाऱ्या ग्राहकाचा विचार येथेच करावा लागतो. तो स्वतः हाताचे काम जाणणारा माणूस आहे. लेथवर किंवा प्रेसवर काम करणाऱ्या कामगाराला, गुणवत्ता तपासणाऱ्या पर्यवेक्षकाला पृष्ठभाग म्हणजे काय, हे विक्रेत्यापेक्षा अधिक कळते. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर त्याच्या रोजच्या वापरातले असतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक पडला तर माल परत येतो, हे तो जाणतो. सांध्यावरून अंगठा फिरवून काम पक्के आहे की कच्चे, हे सांगण्याची त्याची योग्यता आहे. तोच माणूस दालनात गेल्यावर हात मागे बांधून चालतो. मुलाने ड्रॉवर ओढला तर त्याला दटावतो. विक्रेता ‘सॉफ्ट क्लोज’चे गुण सांगत असताना तो मान डोलावतो, ती बिजागरी कशी चालते हे त्याला दोन मिनिटांत उलगडून सांगता आले असते, तरी तो बोलत नाही. ज्याच्याजवळ परीक्षकाची नजर आहे, त्याला दालन अभ्यागताच्या भूमिकेत ढकलते. दालनाच्या सौंदर्यशास्त्राविषयीचा प्रस्तुत लेखकाचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. पैशांचा अभाव हप्त्यांनी भरून निघतो. स्वतःच्या पारखीवरचा विश्वास एकदा गेला की तो हप्त्यांनी परत मिळत नाही.

तिसरी कसोटी : काळ

वस्तू नवी असताना कशी दिसते, एवढ्यावर तिचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. ती वापराने कशी बदलते, बिघडली तर दुरुस्त कशी होते, हेही पाहावे लागते. लाकडी दार फुगले तर रंधा मारता येतो. पुन्हा पॉलिश करता येते. मकबऱ्याचा गिलावा काळवंडला, पडला, आणि त्याची डागडुजी होत आली. जुने जरीचे वस्त्र विरले तर त्याचे काठ काढून दुसऱ्या वस्त्राला लावले जातात. लॅमिनेटची कड एकदा उडाली की आतला तपकिरी कागद उघडा पडतो. तो घासून किंवा रंगवून पूर्ववत होत नाही. भुशाच्या दाबलेल्या फळीत पाणी शिरले की ती फुगते आणि फुगलेली फळी टाकूनच द्यावी लागते. वय वाढणे ही कल्पनाच या वस्तूंना ठाऊक नाही. त्या नव्या असतात किंवा निकामी असतात.

काळाच्या या कसोटीवर दालनातील न्हाणीघराचा विभाग सर्वाधिक बोलका ठरतो. छतातून पावसासारखी धार सोडणारे तबकडीएवढे कारंजे, पाण्याने भरून आत पडून राहण्याचे टब, धबधब्यासारखे पडणारे नळ भिंतीवर ओळीने लावलेले असतात. ज्या शहरात मलिक अंबरने नहरींचे जाळे उभारले, पाणचक्कीत पडणाऱ्या पाण्यावर जाते फिरवले गेले, त्या शहराला पाण्याचे वैभव परके नाही. परंतु त्याच शहरात जायकवाडीच्या जलाशयापासून अर्धशतकभर पाणी येत असूनही नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येण्याची अवस्था वर्षानुवर्षे राहिली. २०२० साली १६८० कोटी रुपयांच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन झाले. पुढे तिचा खर्च वाढत गेला. या दीर्घ काळात येथील घरांची खरी गरज साठवणीची होती. पिंप, टाकी, बादल्या, कळशी, हंडा यांसाठी नेटकी, स्वच्छ, सहज पोहोचता येईल अशी जागा कशी करावी, हा येथील न्हाणीघराचा आणि स्वयंपाकघराचा मूळ प्रश्न आहे. त्याला उत्तर देणारा एकही कोपरा या दालनांच्या मांडणीत सहसा दिसत नाही. पाण्याविना चमकणारा नळ ही म्हणूनच केवळ प्रदर्शनाची सोय राहत नाही. दालनाने आपल्या भूमीकडे किती लक्ष दिले याचा तो पुरावा ठरतो.

दुसरी बाजू

या विवेचनाला एक महत्त्वाचा प्रतिवाद संभवतो. लॅमिनेट, भाजलेली फरशी, कारखान्यात तयार झालेले कपाट यांनी स्वच्छता आणि सोय सामान्य घरापर्यंत आणली, हे नाकारता येणार नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीचे गोडवे गाणाऱ्यांना बहुधा ती कधी सारवावी लागलेली नसते. ओल्या फडक्याने पुसली जाणारी फरशी, उभे राहून स्वयंपाक करता येईल असा कडाप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा ओटा, धूळ आणि झुरळे आत जाणार नाहीत असे कपाट यांमुळे घरातील स्त्रीचे श्रम निश्चितपणे कमी झाले आहेत. बारा तासांच्या पाळीनंतर घरी येणाऱ्या माणसाला आपली खोली नीटनेटकी, थोडी झगमगीत असावी असे वाटले, तर त्यात चैनखोरी शोधणे हा सुस्थितांचा उद्धटपणा होईल. काही मोठ्या साखळी दालनांनी, उदाहरणार्थ २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भे येथे उघडलेल्या आयकियाने, प्रत्येक वस्तूवर किंमत आणि मापे लिहिण्याची रीत रूढ केली; तीही ग्राहकाच्या दृष्टीने स्वागतार्ह आहे.

हा प्रतिवाद मान्य केल्याने मूळ आक्षेप दुबळा होत नाही, उलट अधिक नेमका होतो. आक्षेप स्वस्त आणि सोयीच्या द्रव्याला नाही. त्याच द्रव्याला वलय देऊन, त्याचे नाव बदलून, ज्या घरात ते आधीपासून प्रामाणिकपणे वापरले जात आहे त्या घरालाच ओशाळे करणाऱ्या मांडणीला आहे. बजाजनगरातील दोन खोल्यांत सनमायका मारलेला टेबल आणि जालना रस्त्यावरील दालनातले ‘वॉलनट फिनिश’चे मेज यांत द्रव्याचे अंतर फारसे नसते. अंतर असते ते नावाचे, प्रकाशाचे आणि रिकाम्या जागेचे.

घरातील ‘मांडणी’

या संदर्भात वाळूज परिसरातील सामान्य घरात आजही दिसणाऱ्या एका वस्तूकडे लक्ष वेधणे उचित ठरेल. ती म्हणजे स्वयंपाकघरातील भिंतीवरची ‘मांडणी’. मराठीत हा शब्द रचनेच्या अर्थी वापरला जातो, तसाच भांडी लावण्याच्या फळ्यांसाठीही. स्टीलचे डबे उतरत्या क्रमाने, ताटे उभी, वाट्या आणि पेले रांगेत, वरच्या फळीवर तांब्या-पितळेचे हंडे आणि घागरी असा तिचा थाट असतो. एका खोलीच्या घरात ती दारातूनच दिसते आणि दिसावी म्हणूनच लावलेली असते. हेही वैभवाचे प्रदर्शनच आहे.

पण आपल्या तिन्ही कसोट्या तिला लावून पाहाव्यात. भांड्यांवर नावे घातलेली असतात : कोणी दिले, कोणाला दिले, कोणत्या निमित्ताने आणि कोणत्या तारखेस. मांडणी रोज कोणाच्या तरी हाताने घासूनपुसून पुन्हा लावली जाते, आणि त्या लावण्यात त्या हाताची रीत दिसते. काळ तर तिच्यावर लिहिलेलाच असतो. पोचा पडलेला डबा मागे जातो, कल्हई उडालेले पातेले पुन्हा कल्हई करून आणले जाते, मोडीच्या बदल्यात नवे भांडे येते. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर येथे विरोधही आहे : चकचकीत स्टीलशेजारी काळवंडलेले पितळ, आणि त्या दोहोंत साधलेला समतोल. दालनातील ‘मॉड्युलर’ स्वयंपाकघर नेमकी हीच मांडणी एकसारख्या दारांआड बंद करते. धूळ बसत नाही, हा त्याचा लाभ खरा. परंतु त्या दारांआड कुटुंबाचा लेखी इतिहासही जातो, याची नोंद कोणी घेत नाही.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१. गृहसजावटीची आलिशान दालने केवळ विक्रीची ठिकाणे नाहीत. घराविषयीची अभिरुची घडवणाऱ्या त्या प्रभावी संहिता आहेत. म्हणून त्या समीक्षेच्या कक्षेत येतात.

२. ‘नकली’ हा शेरा त्यांच्या मूल्यमापनास अपुरा आहे. बीबी का मकबरा आणि हिमरू यांचा वारसा असलेल्या शहरात अनुकृती ही स्वतःहून हीन ठरत नाही.

३. अनुकृतीची प्रतिष्ठा नाव, हात आणि काळ या कसोट्यांवर ठरते. द्रव्याचे खरे नाव सांगणारी, करणाऱ्याचा हात दाखवणारी आणि दुरुस्तीला वाव देणारी अनुकृती अस्सलतेकडे वाटचाल करते. प्रचलित दालनांची मांडणी या तिन्ही कसोट्यांवर बहुतांशी उणी पडते.

४. या मांडणीचा सर्वांत मोठा तोटा आर्थिक नाही. कामगार, कारागीर आणि गृहिणी यांच्याजवळ असलेली वस्तूंची पारख ती निष्प्रभ करते. वाळूजसारख्या उत्पादनाच्या केंद्रात राहणाऱ्या समाजाच्या बाबतीत ही हानी अधिक गंभीर आहे.

५. पाण्याची साठवण, लहान क्षेत्रफळ, ऊन आणि धूळ या स्थानिक प्रश्नांना सुंदर उत्तरे देणे हे खरे आव्हान आहे. ते स्वीकारणारी दालने उभी राहावयाची असतील, तर त्यांच्या रचनेत स्थानिक सुतार, विणकर आणि गवंडी यांना त्यांच्या नावानिशी स्थान मिळाले पाहिजे.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. गृहविज्ञान, मराठी आणि अर्थशास्त्र या विभागांच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील मांडणीवरील भांड्यांची नावे व तारखा नोंदवून काढल्या, तर या परिसरातील कुटुंबांच्या स्थलांतराचा आणि अभिरुचीचा एक विश्वसनीय दस्तऐवज तयार होईल. ‘मॉड्युलर’ स्वयंपाकघरे वाढत असताना आणि जुनी भांडी मोडीत जात असताना हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.